लेट मार्क कुणाच्या नावावर?

मी डोंबिवलीला राहते आणि मरोळला नोकरी करते. नोकरी नवी आहे. आधीची घरापासून रिक्षाच्या अंतरावर होती. डबा विसरला तर मुलगा सायकलवरून आणून द्यायचा. पंचेचाळिशीत पगार वाढला, हुद्दा वाढला, हाताखाली माणसं आली आणि या सगळ्याबरोबर लोकल आली. डोंबिवलीहून फास्ट गाडीने घाटकोपर, पूल चढून मेट्रो, मेट्रोने मरोळ नाका, पुढे पायी. संध्याकाळी हेच उलटं.

या प्रवासाच्या तक्रारी मांडायला मी बसलेली नाही. त्या खऱ्या आहेत आणि त्या मांडणारे पुष्कळ आहेत. मला स्वतःलाच काही विचारायचं आहे. या गर्दीत मी कशी वागते? रोज तिच्यात शिरून माझ्या मनाचं काय होतंय? आणि ऑफिसात मी ज्या खुर्चीवर बसते, त्या खुर्चीचा या गर्दीशी काही संबंध आहे का? तिसरा प्रश्न मला सर्वांत उशिरा सुचला आणि तोच सर्वांत जड निघाला.

आधी गर्दीविषयी. तिला शिव्या घालताना ती कुठून आली हे आपण सोयीने विसरतो. १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदरहून ठाण्याला पहिली गाडी गेली, ३४ किलोमीटर. पुढच्याच वर्षी रूळ कल्याणला पोचले. ३ फेब्रुवारी १९२५ रोजी व्हीटी ते कुर्ला ही देशातली पहिली विजेवरची गाडी धावली. रूळ आणि वीज पुढे सरकली तशी वस्तीही सरकली, कारण मुंबईत काम मिळत होतं, पण घर मिळत नव्हतं. आमचं घरही असंच सरकलं. वडील गिरणीत होते. १८ जानेवारी १९८२ ला डॉ. दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली संप सुरू झाला, तो रीतसर कधी मिटलाच नाही, आणि काही वर्षांत लालबागची खोली विकून आम्ही डोंबिवलीत आलो. माझ्या डब्यातल्या कितीतरी जणींच्या घरची कहाणी याच वळणाची आहे. ज्या गिरण्यांतून वडील बाहेर पडले, त्या जमिनींवर आता काचेचे मनोरे आहेत आणि त्यांत कामाला डोंबिवली-बदलापूरहून आमचीच भावंडं जातात. तेव्हा ही गर्दी म्हणजे कुठून तरी आलेले परके लोक नव्हेत. मुंबईत राहू न शकलेली, पण मुंबईवाचून पोट न भरणारी आपलीच माणसं आहेत, आणि त्यांच्यात मी आहे.

बायकांच्या डब्याचे कायदे कुठे लिहिलेले नसतात, पण ते सर्वांना पाठ असतात. तिघींच्या बाकावर चौथी बसते. तिचा अर्धा भाग बाहेर असतो, तरी ती ‘चौथी सीट’ हक्काची असते. बसलेल्या बाईला “कुठं उतरणार?” असं विचारलं आणि तिने “ठाणं” म्हटलं की ती जागा आपली ठरली. मागून कुणी विचारलं तर ती बाईच सांगते, “यांना दिलीय.” डब्यात लसूण सोलला जातो, मेथी निवडली जाते, मुलांच्या परीक्षा आणि सासूबाईंची औषधं यांची चर्चा होते, दसऱ्याला दाराला तोरण लागतं. मी नवखी होते तेव्हा घाटकोपर कोणत्या बाजूला येतं, उठून दाराकडे कधी सरकायचं, ओढणी कशी खोचायची, पर्स पुढे कशी धरायची हे सगळं मला अनोळखी बायकांनी शिकवलं. एकदा मला चक्कर आल्यासारखं झालं तेव्हा न सांगता तिघी उभ्या राहिल्या आणि एकीने पर्समधून लिमलेटची गोळी काढून तोंडात दिली. ही माया मी विसरणार नाही.

पण त्याच डब्यात मी दुसरंही काही पाहते, आणि त्यात मी सामील असते. डोंबिवलीला मी प्लॅटफॉर्मवर उभी असते तेव्हा कल्याण-बदलापूरहून आलेल्या गाडीच्या दारातल्या बायका मला अडथळा वाटतात. “अहो, आत सरका ना, आत केवढी जागा आहे!” असं मी मोठ्याने म्हणते. जेमतेम आत शिरते. पुढे दिवा येतं. दिव्याच्या प्लॅटफॉर्मवर तशाच बायका उभ्या असतात, तसेच डबे हातात, तशीच ओढणी खोचलेली. त्या चढू पाहतात आणि दारातून आवाज येतो, “जागा नाही, मागच्या गाडीने या.” हा आवाज कधी माझा नसतो. मी फक्त गप्प असते, आणि खांदा जिथे आहे तिथेच घट्ट ठेवते. मनात आणलं तर अर्धा पाय मागे घेता येतो. अर्ध्या पायाने एक बाई आत येते, हे मला स्वतःच्या अनुभवावरून माहीत आहे. तरी डोंबिवली ते दिवा एवढ्या काही मिनिटांत माझी बाजू बदलते. जी मागत होती, ती नाकारणाऱ्यांत जाऊन उभी राहते.

यावर मी स्वतःशी पुष्कळ वाद घातला. म्हटलं, जागा खरंच नसते. रेल्वेच्या परिभाषेत या अवस्थेला ‘सुपर डेन्स क्रश लोड’ असं नाव आहे: एका चौरस मीटरमध्ये १४ ते १६ माणसं उभी. चौघांच्या जेवणाच्या टेबलाएवढीच ती जागा. अशा ठिकाणी कोण कुणाला किती जागा देणार? हे उत्तर खरं आहे, पण पुरतं खरं नाही. जागा नसणं ही रेल्वेची गोष्ट झाली. दिव्याच्या बाईकडे बघायचंच टाळणं ही माझी. तिची नजर चुकवली की ती माणूस राहत नाही, धक्का होते. मला स्वतःतली हीच गोष्ट सर्वांत खुपते.

दुसरी गोष्ट याहून अवघड आहे. गाडी मध्येच थांबते. पंखे बंद होतात. दहा मिनिटं जातात. मग दाराकडून बातमी आत झिरपत येते: पुढच्या गाडीतून कुणीतरी पडलं. डब्यात “अरे देवा” असा एक सूर उमटतो. आणि त्याच वेळी सगळ्यांचे फोन बाहेर येतात. माझाही येतो. “गाडी थांबली आहे, पोचायला वेळ लागेल.” एवढं टाइप करून झाल्यावर मग त्या पडलेल्या माणसाचा विचार मनात येतो: बाई की पुरुष, घरी कोण असेल, डबा कुणी भरून दिला असेल. म्हणजे आधी घड्याळ, मग माणूस. हा क्रम मी ठरवलेला नाही. तो माझ्यात कधी तयार झाला हेही मला कळलं नाही. पण तो आहे, आणि त्याच्याकडे डोळेझाक करायची नाही एवढं मी ठरवलं आहे.

असा क्रम माझ्या एकटीचाच नसणार. ९ जून २०२५, सोमवार. दिवा आणि मुंब्रा यांच्यामधल्या वळणावर समोरासमोरून जाणाऱ्या दोन लोकलच्या दारांत लटकलेले प्रवासी खाली पडले. चौघांचा त्याच दिवशी मृत्यू झाला. त्या वळणावरून मी रोज जाते. काही आठवडे तिथे डबा गप्प व्हायचा. मग तेही थांबलं. २९ सप्टेंबर २०१७ ला एल्फिन्स्टन रोडच्या जिन्यावर चेंगराचेंगरीत २३ माणसं गेली. आज त्या स्टेशनाचं नाव प्रभादेवी आहे, आणि घाटकोपरचा जिना चढताना पाऊस आला की अजूनही कुणीतरी त्या दिवसाचा विषय काढतं. पण ही झाली एकदम घडलेली, म्हणून लक्षात राहिलेली मरणं. रोजची लक्षात राहत नाहीत. २०२३ या एका वर्षात मुंबईच्या उपनगरी मार्गांवर अडीच हजारांहून जास्त माणसं मेली, कुणी रूळ ओलांडताना, कुणी दारातून पडून. २०२४ मध्ये ही आकडेवारी समोर आली तेव्हा उच्च न्यायालयाने रेल्वेला कडक शब्दांत सुनावलं आणि माणसांना गुरांसारखं वाहून नेण्याबद्दल लाज व्यक्त केली. दिवसाला सरासरी सात माणसं. एखाद्या कारखान्यात दिवसाला सात माणसं मेली असती तर तो कधीच बंद पडला असता. इथे पुढची गाडी येते आणि आपण चढतो.

आता त्याच सकाळची दुसरी बाजू. घाटकोपरला उतरून पूल चढला की मेट्रो लागते. ८ जून २०१४ ला सुरू झालेली ही वर्सोवा–अंधेरी–घाटकोपर मेट्रो, ११.४ किलोमीटर, १२ स्थानकं. पूर्वी घाटकोपरहून वर्सोव्याला रस्त्याने जायला तासाहून जास्त वेळ लागायचा. आता वीस-बावीस मिनिटं लागतात. इथे पर्सची तपासणी होते, प्लॅटफॉर्मवर रेघा आखलेल्या आहेत आणि त्या रेघांमागे लोक रांगेत उभे राहतात. डोंबिवलीला माझ्या बरगडीत कोपर रोवणारी बाई इथे माझ्या मागे शांतपणे फोन बघत उभी असते. मीसुद्धा. उतरणाऱ्यांना आधी उतरू देते, कुणाचा धक्का लागला तर “सॉरी” म्हणते, म्हाताऱ्या माणसाला जागा देते. थोड्याच वेळापूर्वी दिव्याच्या बाईकडे न बघणारी मी ती हीच.

पहिल्यांदा हे ध्यानात आलं तेव्हा मी खजील झाले. म्हणजे माझा चांगुलपणा एअर कंडिशनरवर अवलंबून आहे की काय? नंतर विचार केला तेव्हा कळलं की थंड हवेचा यात फारसा हात नाही. मेट्रोची पुढची गाडी काही मिनिटांत येणार आणि तीत आपण चढू शकणार, याची खात्री असते. दार बंद झाल्याशिवाय ती हलत नाही. चुकली तरी बिघडत नाही. लोकलमध्ये पुढच्या गाडीत याहून जास्त गर्दी असू शकते, ती रद्द होऊ शकते, आणि गाडी स्टेशनात उभी राहते ती अर्ध्या मिनिटाच्या आतबाहेर. माणसं तीच असतात. एका ठिकाणी त्यांना खात्री दिलेली असते, दुसऱ्या ठिकाणी भीती.

आपल्याकडे याचा दाखला दूर शोधायला नको. आषाढीला आळंदी-देहूहून पंढरपूरला लाखो माणसं चालत जातात. तिथेही ऊन, चिखल, पाऊस आणि खांद्याला खांदा. तरी एकमेकांना ‘माउली’ म्हणून हाक असते. त्यात भक्ती आहेच, पण शिस्तही आहे. रथापुढच्या आणि रथामागच्या दिंड्यांचे क्रमांक ठरलेले असतात, मुक्काम ठरलेले असतात, कोण कुणाच्या मागे हे पिढ्यान्‌पिढ्या ठरलेलं असतं. आपली जागा कुणी हिसकावून घेणार नाही हे प्रत्येकाला माहीत असतं, म्हणून शेजारच्याला माउली म्हणणं सोपं जातं. मराठी माणूस गर्दीत वाईट वागतो असं म्हणणाऱ्यांनी ही वाट एकदा बघावी.

तर माझ्या वागण्यात माझा वाटा किती आणि व्यवस्थेचा किती? मला मिळालेलं प्रामाणिक उत्तर असं: मोठा वाटा व्यवस्थेचा. पण म्हणून माझा उरलेला वाटा शून्य होत नाही. अर्धा पाय मागे घेणं माझ्या हातात आहे. दिव्याच्या बाईकडे बघणं माझ्या हातात आहे. “पुढे या, माझी बॅग मी वर ठेवते” एवढं म्हणणं माझ्या हातात आहे. हे मी आता करते. रोज जमत नाही. पाठ दुखत असेल, रात्री झोप झाली नसेल, तर जमत नाही. जमलं नाही त्या दिवशी मला ते कळतं, इतपत तरी मन जागं राहिलं आहे.

यानंतर पैशाचा प्रश्न आला. नव्या पगारात मला एसी लोकलचा पास परवडतो. २५ डिसेंबर २०१७ ला पश्चिम रेल्वेवर पहिली एसी लोकल सुरू झाली, पुढे ती आमच्या मध्य रेल्वेवरही आली. मे २०२२ मध्ये तिची एकेरी तिकिटं निम्म्याने स्वस्त झाली, पास मात्र साध्या पासाच्या मानाने महागच राहिला. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये कळवा आणि बदलापूरच्या प्रवाशांनी आंदोलन केलं, कारण त्यांच्या नेहमीच्या साध्या गाड्यांच्या जागी एसी गाड्या आल्या होत्या. मध्य रेल्वेला १० एसी फेऱ्या मागे घ्याव्या लागल्या. त्या लोकांचं म्हणणं सरळ होतं. रुळांवर गाड्यांना जागा मोजकी आहे. एसी गाडी वाढते तेव्हा बहुतेक वेळा साधी एक कमी होते, आणि तिच्यातली माणसं आधीच्या आणि पुढच्या गाडीत कोंबली जातात. म्हणजे मी जेव्हा थंड डब्यात उभी असते, तेव्हा माझ्या आरामाची किंमत मी एकटीच भरलेली नसते.

मग एसीने जायचंच नाही का? मी जाते, गुडघा फार दुखतो तेव्हा जाते. त्याग करून मिरवण्यात मला रस नाही, आणि माझ्या एकटीच्या न जाण्याने फेऱ्या बदलणार नाहीत. पण त्या गाडीत उभी राहून मी एक गोष्ट बघते: दार बंद होतं, आणि कुणी पडत नाही. मुंब्र्याच्या अपघातानंतर रेल्वेने जाहीर केलं की यापुढच्या नव्या लोकलना आपोआप बंद होणारी दारं असतील. एसी गाडीत जे बंद दार पैसे मोजून मिळतं, ते साध्या गाडीच्या प्रवाशाला जीव वाचवायला लागतं. थंड हवा चैन असेल; बंद दार चैन नाही. मी चैन घेत असेन तर निदान बंद दार सगळ्यांना मिळावं म्हणून बोलणं मला भाग आहे. प्रवासी संघटनेच्या निवेदनावर आता मी सही करते आणि चार जणींना करायला लावते.

आता ऑफिसातल्या खुर्चीकडे येते.

मी लेखा विभाग सांभाळते. आमच्याकडे बोटाचा ठसा घेऊन हजेरी लागते. साडेनऊची वेळ, वर पंधरा मिनिटांची सवलत. त्यानंतर आलं की लेट मार्क. महिन्यात तीन लेट मार्क झाले की अर्ध्या दिवसाची रजा कापली जाते. रजा शिल्लक नसेल तर पगार. कुणाला काही कारण सांगायचं असेल तर त्याने हजेरी दुरुस्तीचा अर्ज करायचा आणि विभागप्रमुखाने तो मंजूर किंवा नामंजूर करायचा. विभागप्रमुख म्हणजे मी. माझ्या हुद्द्याला लेट मार्क लागत नाही. नोकरीच्या पत्रातच तसं लिहिलेलं आहे, आणि ते वाचताना मला बरं वाटलं होतं.

एके दिवशी असाच एक अर्ज पडद्यावर आला. विभागातला एक तरुण, आसनगावहून येणारा. वेळ ९.५८. कारण: गाडी लेट. शेजारी दोन चौकोन, मंजूर आणि नामंजूर. वरच्या ओळीत आधीचे दोन लेट मार्क लाल अक्षरांत. हा तिसरा. ती तारीख मी बघितली आणि मला तो दिवस आठवला. त्या दिवशी गाडी मुलुंडच्या पुढे थांबली होती. मी त्याच सुमारास त्याच रुळांवर होते. मी दहा वाजता पोचले होते, त्याच्याही नंतर. माझ्या उशिराची कुठे नोंद नव्हती. त्याची होती, आणि ती पुसायची की ठेवायची हे मी ठरवणार होते.

अर्ज मी मंजूर केला. त्यात काही मोठेपणा नव्हता. पण त्या दोन चौकोनांनी मला बराच काळ अस्वस्थ केलं. दारात लटकणारा माणूस का लटकतो? हवेसाठी लटकणारे काही असतात, मस्ती करणारी पोरंही असतात. पण सकाळी लटकणारे बहुतेक जण पुढची गाडी थांबून घ्यायला घाबरतात. मी विभागातल्या लोकांना हळूहळू विचारलं: तुम्ही भरलेली गाडी सोडता का? उत्तरं सारखीच आली. एक सोडली तर दुसरी तशीच येते, आणि दुसरी सोडली की पंधरा मिनिटांची सवलत संपते. महिन्याचे पहिले दोन लेट मार्क झाले की तिसऱ्याच्या भीतीने कुणीही कुठल्याही दारात उभं राहतं. त्या मुलाने मला सांगितलं नाही, पण मी समजले. त्याच्या पायाखालच्या फुटबोर्डाचं एक टोक माझ्या सहीवरही आहे.

इथवर मी गर्दीचा विचार प्रवासी म्हणून करत होते. जागा देणारी, जागा मागणारी, धक्के खाणारी. गर्दी घडवणाऱ्यांत मी स्वतःला कधी धरलंच नव्हतं. रेल्वे दोषी आहे, सरकार दोषी आहे, बिल्डर दोषी आहेत, ही नावं मला तोंडपाठ होती. पण लाखो माणसं एकाच तासात मुंबईत पोचली पाहिजेत असं रेल्वेने ठरवलेलं नाही. ते आमच्यासारख्या ऑफिसांनी ठरवलं आहे. साडेनऊ ही वेळ कुणी निसर्गाने दिलेली नाही. ती एका फाइलवर लिहिलेली आहे आणि त्या फाइलखाली माझ्यासारख्यांच्या सह्या आहेत.

ही वेळ बदलता येते हे आपण पाहिलेलं आहे. करोनात लोकल बंद झाली तेव्हा कितीतरी ऑफिसं घरून चालली, पगार झाले, हिशेब मिटले. १ फेब्रुवारी २०२१ ला लोकल सर्वांना खुली झाली ती सकाळी सातच्या आधी, दुपारी बारा ते चार आणि रात्री नऊनंतर. काही लोकांनी आणि मालकांनी तेवढे दिवस कामाच्या वेळा त्याप्रमाणे वळवून घेतल्या. २०२३ मध्ये मध्य रेल्वेने मुंबईतल्या आपल्या कार्यालयीन कर्मचाऱ्यांसाठी दोन वेगवेगळ्या वेळा ठेवून पाहिल्या आणि इतर आस्थापनांनाही तसं करण्याची विनंती केली. म्हणजे मार्ग माहीत नाही असं कुणाला म्हणता येणार नाही. ऑफिसं पुन्हा साडेनऊला आली, कारण सगळे समोर बसलेले दिसले की वरिष्ठांना बरं वाटतं. हे मी आता स्वतः वरिष्ठ आहे म्हणून सांगू शकते. मलाही तसं बरं वाटतं. सकाळी सगळ्या खुर्च्या भरलेल्या दिसल्या की काम चाललंय असं वाटतं. पण आमच्या विभागाचं काम साडेनऊलाच सुरू झालं पाहिजे असं एकही कारण मला शोधून सापडलं नाही. बँकेची कामं आणि महिनाअखेर सोडली, तर बिलं तपासायला साडेआठ चालतात आणि अकराही चालतात.

हे मी माझ्या वरिष्ठांपुढे मांडलं. आधी “शिस्त बिघडेल” असं उत्तर आलं. कुणाचं काम कधी पूर्ण होतं याचा तीन महिन्यांचा तक्ता मी पुढे ठेवला. शेवटी माझ्या विभागापुरती मुभा मिळाली: साडेआठ ते अकरा यांमध्ये केव्हाही या, तास पूर्ण करा. आसनगावचा मुलगा आता लवकर येतो आणि चारच्या पुढे निघतो. त्याला परतीच्या गाडीत कधी कधी बसायला मिळतं. टिटवाळ्याची एक बाई मुलाला शाळेत सोडून येते. काम अडलेलं नाही.

यावर समाधान मानून थांबावं असं वाटतं, पण मन थांबू देत नाही. आमच्या मजल्यावर झाडलोट करणाऱ्या बायका ठेकेदाराच्या आहेत. त्यांनी आमच्याआधी यायचं असतं, त्यांच्या लेट मार्कला अर्ज नसतो, सरळ पैसे कापले जातात. दारावरचा सुरक्षारक्षकही तसाच. त्यांची वेळ माझ्या हातात नाही, पण त्यांनी झाडलेल्या मजल्यावर मी बसते. त्यातल्या एकीला मी दिव्याच्या प्लॅटफॉर्मवर पाहिलं आहे. ठेका पुढच्या वेळी नव्याने होईल तेव्हा उशिराबद्दल पैसे कापण्याची अट काढून टाकावी, असं मी लेखी दिलं आहे. ते मान्य होईल की नाही ते कळायचं आहे. झालं नाही तर पुन्हा लिहीन.

माझ्यापुरता हिशेब आता मला स्पष्ट दिसतो. गाड्या कमी आहेत, दारं उघडी आहेत, पूल अरुंद आहेत, घरं लांब आहेत. हे माझ्या एकटीच्या खात्यावर येत नाही, आणि तसं मानून अपराधी भावनेत बसण्याने कुणाचा जीव वाचत नाही. दिव्याच्या बाईला अर्धा पाय देणं न देणं माझ्या खात्यावर आहे. पण सर्वांत मोठी नोंद त्या दोन चौकोनांपाशी आहे, कारण तिथे मला खरी सत्ता आहे. गर्दीत माणूस कसा वागतो यावर आपण खूप बोलतो. जिथे गर्दी नाही, हवा थंड आहे, खुर्ची मऊ आहे, आणि एका बोटाने कुणाचा दिवस सोपा किंवा अवघड करता येतो, तिथे आपण कसे वागतो याची झाडाझडती जास्त कठोर हवी.

म्हणून हे वाचणाऱ्यांपैकी ज्यांच्या हातात कुणाची हजेरी आहे, मग तो कारखाना असो, बँक असो, शाळा असो, चार माणसांचं दुकान असो, त्यांना माझी विनंती आहे. उद्या सकाळी एकदा आपल्या माणसांना विचारा: तुम्ही कुठून येता, कोणत्या गाडीने येता, आणि भरलेली गाडी सोडायची तुम्हाला भीती वाटते का? ती भीती वाटत असेल तर त्यातली काही तुमच्यामुळे आहे, आणि ती कमी करायला रेल्वेच्या परवानगीची गरज नाही. तासाभराची मुभा द्या.